"इथे बोललेलं इथेच राहील": कॅथलिक शाळेच्या रिट्रीटला मुलीला पाठवावं का?

निळी शाई :

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, शाळा कॅथलिक. आम्ही कॅथलिक नाही. नवरा देवधर्म न मानणारा, मी गरजेपुरती मानणारी. शाळेबद्दल आजवर तक्रार अशी काही नाही. उलट लेक तिथे छान रुळली आहे, आणि सकाळची प्रार्थना आमच्यापेक्षा सुरात म्हणते.

गेल्या आठवड्यात संमतीपत्र आलं. दोन रात्रींची निवासी रिट्रीट आहे. गटचर्चा, प्रार्थना, मौनाचे तास, एका संध्याकाळी मिस्सा, म्हणजे त्यांची सामूहिक उपासना, आणि "इच्छुकांसाठी" कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली. फोन जमा करायचे. इथपर्यंत ठीक होतं. शेवटच्या परिच्छेदात मात्र एक वाक्य आहे: "मुलांनी मोकळेपणाने मन उघडावे, इथे बोललेले इथेच राहील."

त्या वाक्यापाशी माझं पेन अडलंय. चार दिवस झाले, कागद फ्रिजवर लावलेला आहे.

नवरा म्हणतो उगाच बाऊ करतेस. आई म्हणते पाठवूच नकोस. ज्यांनी अशा शाळांत शिकलंय, शिकवलंय किंवा मुलं घातली आहेत त्यांनी सांगा, मी शाळेला नेमकं काय विचारू? आणि कॅथलिक नसलेल्या मुलीने तिथे बसून काय करायचं असतं?

मागचा बाक :

दहा वर्षं काढली आहेत अशा शाळेत, त्यामुळे अधिकारवाणीने सांगतो. मौनाच्या तासात एकाला उचकी लागते आणि मग चाळीस पोरं देवासमोर खांदे हलवत रडल्यासारखी हसतात. सिस्टरना वाटतं पोरं गहिवरली. आध्यात्मिक अनुभव म्हणतात तो हाच.

फुलपाखरू२ :

+१. आमच्या वेळी उचकी नव्हती, घोरणं होतं.

खडूधारी :

मी कॅथलिक आहे आणि बावीस वर्षं कॅथलिक माध्यमिक शाळेतच शिकवतोय. सात-आठ रिट्रीटना मुलांबरोबर गेलो आहे.

निळी शाई, तुमचं पेन योग्य जागी अडलंय. ते वाक्य बहुतेक मोठ्यांच्या शिबिरातून उचललेलं असणार. लिहिणाऱ्याच्या मनात इतकंच असतं की एखादी मुलगी गटात रडत काही बोलली तर सोमवारी वर्गात त्याचा तमाशा होऊ नये. पण तेरा वर्षांचं पोर त्याचा अर्थ "घरी सांगायचं नाही" असाच लावतं.

आम्ही पहिल्याच सत्रात दोन गोष्टी सांगतो. मैत्रिणीचं बोलणं चघळायचं नाही. आणि तुमचं स्वतःचं जे काही आहे ते हव्या त्या माणसाला, हवं तेव्हा सांगायला तुम्ही मोकळे आहात. शिवाय गट चालवणारा शिक्षक आधीच सांगून टाकतो की "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन मी देणार नाही. तुमच्या जिवाला किंवा दुसऱ्या कोणाला धोका आहे असं कळलं तर मला पुढे सांगावंच लागेल, पण कोणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन.

हे ऐकून मुलं गप्प बसतील अशी मला पहिल्या वर्षी भीती होती. उलटच झालं.

बिनचष्म्याचा :

खडूधारी सर, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हेतूवर विश्वास ठेवूनच तर जगभर घोळ झाला ना? २००२ मध्ये बॉस्टनमधलं धर्मगुरूंनी केलेल्या बालअत्याचाराचं प्रकरण वर्तमानपत्राने बाहेर काढलं. २००९ मध्ये आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात धार्मिक संघांनी चालवलेल्या निवासी शाळांमधला दशकानुदशकांचा छळ नोंदवला गेला. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचाराची चौकशी केली. त्यांच्यापुढे बोलायला आलेल्या पीडितांना पहिल्यांदा कोणाला तरी सांगायलाच सरासरी २३.९ वर्षं लागली होती. चोवीस वर्षं! आणि पत्रकात काय लिहायचं, तर "इथे बोललेले इथेच राहील".

ताई, सही करू नका. मुलगी दोन दिवस घरी झोपेल, जग बुडणार नाही.

खडूधारी :

तुम्ही दिलेली उदाहरणं खरी आहेत. एक कॅथलिक म्हणून ती वाचताना मान खाली जाते, त्यावर माझा काहीच युक्तिवाद नाही.

फक्त एक सांगतो. ते पत्रक लिहिणाऱ्याला बहुधा आपल्याच चर्चचे नियम ठाऊक नसावेत. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी "वोस एस्तिस लुक्स मुंदी" हे फर्मान काढलं आणि २०२३ मध्ये सुधारून कायम केलं. त्यानुसार अत्याचाराची माहिती मिळाल्यास धर्मगुरू आणि सिस्टर-ब्रदर यांनी ती कळवणं बंधनकारक आहे. आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची अट घालता येत नाही, हे त्यात साफ लिहिलंय. २०२३ मध्ये पीडित आणि साक्षीदार यांच्या बाबतीतही तेच जोडलं. म्हणजे मुलांना गप्प करण्याची सोय खुद्द रोमने काढून घेतलीय आणि आपण ती पत्रकात परत लिहितोय.

बिनचष्म्याचा :

रोमने नियम केला म्हणजे तो तुमच्या स्टाफरूमपर्यंत पोचला असं नाही.

खडूधारी :

नाही ना. म्हणून तर ताईंनी विचारायचं.

सांजवेळ :

शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. मी कॅथलिक नाही, पण त्यातल्या दोन शाळा कॅथलिक होत्या.

बाकी चर्चा वाचली, पण मला दाराबद्दल बोलायचंय. एका शाळेत माझ्या खोलीच्या दाराला काच होती. ती मुद्दाम बसवून घेतलेली. आतलं ऐकू येऊ नये, पण दिसावं. नाताळात सजावट समितीच्या मुलांनी त्या काचेवर चांदण्यांचं मोठं पोस्टर चिकटवलं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, पोस्टर तसंच. रोज तिथे बसून माझ्याही लक्षात आलं नाही. फेब्रुवारीत सफाई करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, आत कोण आहे दिसत नाही हो, झाडू कसा मारू?" तेव्हा काढलं. काच बसवायला समिती होती, ठराव होता, सगळं होतं. झाकायला एक चिकटपट्टी पुरली.

म्हणून निळी शाई, शाळेला "सुरक्षितता आहे ना?" असं विचारू नका, "हो, आहे" एवढंच उत्तर मिळेल. रात्री मुलींच्या मजल्यावर जागं कोण असणार, असं विचारा. ती बाई एकटी असणार की दोघी? मोठ्यांच्या खोल्या आणि बाथरूम वेगळे आहेत का? बाहेरून येणारे वक्ते आणि स्वयंसेवक यांची पडताळणी कोणी केली? मुलीला रात्री दोन वाजता घरी फोन करावासा वाटला तर कोणाला उठवायचं, आणि ती व्यक्ती "सकाळी बघू" म्हणणार का? तक्रार खुद्द प्रमुखांबद्दल असेल तर ती कोणाकडे जाते? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो ते बघा. उत्तरापेक्षा तो वेळ जास्त सांगतो.

पॉपकॉर्न :

वाचतोय.

अर्धविराम :

कन्फेशनचा मुद्दा कोणीच नीट घेतला नाही, म्हणून थोडं किचकट लिहितो.

पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूला कोणत्याही कारणास्तव उघड करता येत नाही. चर्चच्या धर्मसंहितेचं कलम ९८३. थेट भंग केला तर तो आपोआप बहिष्कृत होतो. यावर सरकारं आणि चर्च यांचं जुंपलेलं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडने २०२० मध्ये कायदा करून बालअत्याचाराच्या बाबतीत कन्फेशनमध्ये ऐकलेलं न कळवण्याची सूट काढून टाकली. त्या वादात मी पडत नाही.

पण त्याच संहितेत आणखी दोन गोष्टी आहेत ज्या शाळांनाही माहीत नसतात. कलम ९६४: कन्फेशनची जागा सगळ्यांना दिसेल अशी असावी आणि धर्मगुरू व बोलणारा यांच्यामध्ये पक्की जाळी असलेली सोय उपलब्ध असावी. सबळ कारणाशिवाय दुसरीकडे कन्फेशन ऐकू नये. कलम ९८५: शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने त्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं कन्फेशन ऐकू नये, अपवाद फक्त विद्यार्थ्याने एखाद्या वेळी आपणहून मागितलं तर. का? ज्याच्या हातात तुमचा निकाल आणि शिस्तीचा दंडुका आहे त्याच्यासमोर मन मोकळं करायला लावणं हा अन्याय आहे, हे त्यांना फार पूर्वी कळलं होतं.

सांजवेळ :

अर्धविराम, उत्तम माहिती. पण एखाद्या मुलाने कन्फेशनमध्येच सांगितलं की माझ्यावर कोणी तरी अत्याचार करतंय, तर?

अर्धविराम :

तर धर्मगुरू स्वतः जाऊन सांगू शकत नाही. पण "जा, देव भलं करो" म्हणून त्याने गप्प बसणंही अपेक्षित नाही. २०१९ मध्ये अपोस्टोलिक पेनिटेन्शियरीने, म्हणजे कन्फेशनचे प्रश्न हाताळणाऱ्या व्हॅटिकनच्या कार्यालयाने, एक टिपण काढलं. समोरची व्यक्ती स्वतः पीडित असेल तर तिला तिचे हक्क आणि तक्रारीचे प्रत्यक्ष मार्ग समजावून सांगावेत, असं त्यात आहे. चांगला धर्मगुरू म्हणतो, "हे तू मला कन्फेशनच्या बाहेर परत सांगशील का? की तुझ्या बाईंना आधी सांगूया, मी तुझ्यासोबत येतो?" मुलाने बाहेर पुन्हा सांगितलं की ते कन्फेशनच्या गुप्ततेत राहत नाही.

बिनचष्म्याचा :

म्हणजे सगळा भार परत पोरावरच.

अर्धविराम :

हो. हे मलाही पटत नाही.

लिंबूटिंबू :

वातावरण जड झालंय, म्हणून माझा किस्सा. मी कॅथलिक नाही. सहावीत असताना शाळेच्या मिस्सेत सगळे रांगेत उभे राहिले, मीही राहिलो. फादरनी हातावर पांढरी चकती ठेवली. मला वाटलं वाढदिवसाला देतात तसं काहीतरी आहे, खिशात घातली, घरी बहिणीला द्यायला. मागच्या सिस्टरनी जे पाहिलं त्यानंतर त्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. माझ्या खिशावर हात ठेवून मला एखाद्या बॉम्बसारखं अलगद बाजूला नेलं.

मागचा बाक :

=)) =)) बॉम्बसारखं!

खडूधारी :

हसू आलं, पण चूक शाळेची. ती चकती, म्हणजे कम्युनिअन, फक्त कॅथलिकांसाठी असतं आणि आमच्या श्रद्धेने ती नुसती चकती नसते. हे मिस्सेच्या आधी दोन मिनिटांत सांगता येतं: बसून राहिलात तरी चालेल, किंवा रांगेत येऊन छातीवर हातांची फुली करा, फादर नुसता आशीर्वाद देतील.

निळी शाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तुमच्या मुलीने शांत बसायचं. गाणं आवडलं तर म्हणायचं. गुडघे टेकायचे नसतील तर टेकायचे नाहीत. धर्मसंहितेचं कलम ७४८ सांगतं की सदसद्विवेकाविरुद्ध कोणालाही कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावर अख्खा जाहीरनामा काढला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं १४ वं कलमही मुलाच्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याबद्दल आहे. त्या करारावर होली सीने, म्हणजे पोपच्या सत्तापीठाने, १९९० मध्येच मान्यतेची मोहोर उमटवलेली आहे.

छत्री :

तुम्ही सगळे धोका झग्यातच शोधताय. माझ्या मुलीच्या शाळेत, तीही कॅथलिक, सगळ्यात भयंकर जे घडलं ते वर्गातल्या मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिचा फोटो, त्यावर रोज नवीन टोपणनाव. चार महिने ती जेवत नव्हती आणि आम्ही समजत होतो वय आहे. शेवटी रिट्रीटमध्येच ती बोलली. फोन जमा होता ना! दोन दिवस कोणी नवीन नाव पाठवलं नाही आणि तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी विसळताना तिने शेजारी उभ्या असलेल्या पीटीच्या बाईंना सांगून टाकलं. गटचर्चेत नाही, मेणबत्ती लावून नाही. भांडी विसळताना.

म्हणून मी म्हणेन, पाठवा.

सांजवेळ :

छत्री, मुलं अशीच बोलतात. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की बोलत नाहीत.

डॉन बॉस्को, एकोणिसाव्या शतकातले तुरीनचे धर्मगुरू, अनाथ आणि भटक्या मुलांसाठी त्यांनी काम केलं. त्यांची पद्धत ऐकली असेल: शिक्षकाने मैदानात, मुलांच्यात असायचं. वरून लक्ष ठेवायला नाही, खेळायला. विवेक, धर्म आणि माया हे त्यांचे तीन पाय. मुलांवर प्रेम असून पुरत नाही, ते मुलांना जाणवलं पाहिजे, यावर त्यांचा भर होता. आजच्या सुरक्षेच्या नियमांशीही हे जुळतं. सगळ्यांच्या नजरेसमोरची जवळीक.

पायवाट :

पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही कॅथलिक आहोत, त्यामुळे माझी भीती वेगळी.

मुलगा नववीत असताना फार धार्मिक झाला. आम्ही खूश. मग लक्षात आलं की तो दर शनिवारी कन्फेशनला जातोय, आणि घरी येऊन परत रडतोय की एक गोष्ट सांगायची राहिली. हात धुवावेत तशा प्रार्थना म्हणायचा. एक शब्द चुकला की पहिल्यापासून. रात्री एक-एक वाजेपर्यंत. शाळेत त्याला आदर्श विद्यार्थी म्हणून बक्षीस मिळालं त्या वर्षी.

ओळखलं ते शाळेच्या चॅप्लनने, म्हणजे शाळेसाठी नेमलेल्या फादरनी, वयस्क होते. त्यांनी मुलाला बसवून सांगितलं की लॅटिनमध्ये स्क्रुपुलस म्हणजे टोकदार खडा, आणि तुझ्या बुटात तो गेलाय. पापाचा प्रश्न नाहीये हा. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या बुटातही गेला होता. १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसाला असताना इग्नेशियस केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करत राहिले, इतके की खोलीतल्या भगदाडातून उडी टाकावी असं त्यांना वाटू लागलं. मग फादर आम्हाला म्हणाले, "माझं काम मी करतो, पण याला डॉक्टर हवा." नाव निघालं ओसीडी, त्याच त्याच विचारांत आणि कृतींत अडकवणारा मनाचा आजार. उपचार झाले. आता तो मिस्सेला जातो, महिन्यातून एकदा कन्फेशन, यादी न करता.

फादरनी जर "अजून प्रार्थना कर" म्हटलं असतं तर? तो विचार मी पूर्ण करत नाही.

फुलपाखरू२ :

पायवाट, तुम्हाला आणि लेकाला खूप शुभेच्छा. तो खडा लक्षात राहील.

बिनचष्म्याचा :

पायवाट, हा फादर मला मान्य आहे.

सांजवेळ :

याला जोडून एकच. मुलाला मरावंसं वाटतंय का, असं सरळ विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार घुसतो असं पालकांना वाटतं. तसं होत नाही. विचारावं, स्पष्ट शब्दांत विचारावं, आणि "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नये.

मागचा बाक :

सुरुवातीला उचकीचा विनोद केला म्हणून आता एक खरं लिहितो.

आमच्या शाळेत तक्रारपेटी होती. लाकडी, छान पॉलिश केलेली, वर क्रूस कोरलेला. वसतिगृहातला एक मोठा मुलगा रात्री आमच्यापैकी एकाला जे करायला लावायचा ते मी चिठ्ठीत लिहून टाकलं. नाव नाही घातलं. चौथ्या दिवशी वॉर्डन आमच्या वर्गात आले आणि सगळ्यांना शुद्धलेखन घातलं. पान भरून. आम्हाला कळेना, शुद्धलेखन का? मग ते एकेक वही चिठ्ठीशेजारी धरून बघू लागले. अक्षर जुळवत होते.

मी त्या दिवशी डाव्या हाताने लिहिलं. चार छड्या खाल्ल्या, गबाळ्या अक्षराबद्दल. त्या मुलाला काहीच झालं नाही.

पेटीची किल्ली वॉर्डनकडेच असायची. निळी शाई, किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.

खडूधारी :

...

यावर काय लिहू. सोमवारी आमच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे ते बघतो. मला आत्ता ठाऊक नाही, आणि ते चांगलं लक्षण नाही.

निळी शाई :

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेत जाऊन आले, इतिवृत्त देते.

मुख्याध्यापिका सिस्टर आहेत. मी सांजवेळ यांचे प्रश्न कागदावर उतरवून नेले होते. रात्री दोघी बाई जाग्या, पाळी लावून. कन्फेशन चॅपलमध्येच, दार उघडं, आणि फादर बाहेरचे, शाळेशी संबंध नसलेले. अर्धविराम, तुमचं ९८५ वं कलम सांगितल्यावर सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही नन व्हायचा विचार केला होता का?" वक्त्यांची पडताळणी झाली होती, पण स्वयंसेवक असलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांची नव्हती. ते त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं आणि लिहून घेतलं. तुमच्याविरुद्ध तक्रार असेल तर कुठे जायची, यावर त्यांनी लगेच धर्मप्रांताच्या बालसुरक्षा समितीचं नाव आणि नंबर काढून दिला. वेळ घेतला नाही. किल्लीच्या प्रश्नाला मात्र घेतला. मग म्हणाल्या, "ऑफिसात असते. बदलूया."

त्या वाक्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी पत्रक परत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे गेली अकरा वर्षं असंच छापतोय."

काल नवं पत्रक आलं. त्यात आहे: "इतरांचे बोलणे आपण जपू. स्वतःचे काहीही, कोणालाही, केव्हाही सांगता येईल."

सही केली. लेकीला विचारलं, जाशील ना? ती म्हणाली, "जाते, पण फोन मी सोडणार नाही." त्यावर वाटाघाटी चालू आहेत.

बिनचष्म्याचा :

मी अजूनही पाठवलं नसतं. पण सिस्टरांना माझा नमस्कार सांगा.

मागचा बाक :

आणि लेकीला सांगा, मौनाच्या तासाआधी पाणी पिऊन बस.